राजपुत्र अहमद (१९२६): काळ्या कागदाचा चित्रपट कोणी पाहिलाय का?

चंदेरी कात्री:

नमस्कार मंडळी,

मी प्राथमिक शाळेत हस्तकला शिकवते. कात्री, डिंक आणि घोटीव कागद हा माझा रोजचा संसार. तीन आठवड्यांपूर्वी दुसरीच्या मुलांसाठी काळ्या कार्डशीटचं काय करता येईल ते शोधत होते आणि अचानक एक चित्रपट समोर आला. सहज सुरू केला तो पासष्ट मिनिटं जागची हलले नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं, त्याचंही भान राहिलं नाही.

चित्रपटाचं नाव ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’. बर्लिनच्या लॉटे रायनिगर या बाईंनी तो केला. काम सुरू झालं १९२३ मध्ये, तेव्हा त्यांचं वय जेमतेम चोवीस. पुरी तीन वर्षं खपून १९२६ मध्ये तो पूर्ण झाला. गोष्ट अरबी सुरस कथांमधली. एक जादूगार खलिफाच्या वाढदिवसाला उडता घोडा घेऊन येतो. राजपुत्र अहमद त्यावर बसतो आणि घोडा त्याला घेऊन आभाळात निघून जातो. वर जायची कळ त्याला माहीत असते, खाली यायची सांगितलेलीच नसते. पुढे वाकवाक बेटावरची परीबानू, चीनच्या बादशहाचा दरबार, ज्वालामुखी डोंगरावरची चेटकीण, अल्लाउद्दीन आणि त्याचा दिवा असं सगळं येतं.

हे सगळं फक्त काळ्या कागदातून. बाईंनी जाड काळा कागद आणि शिशाचा पातळ पत्रा कापून बाहुल्या केल्या, सांधे बारीक तारेने जोडले. खालून उजेड दिलेल्या काचेच्या टेबलावर बाहुली आडवी ठेवायची, वर कॅमेरा, हात किंचित हलवायचा, एक चित्र टिपायचं, पुन्हा किंचित हलवायचा. आपण मुलांच्या वहीत कातरकाम करून घेतो ना, तेच, पण त्याचा चित्रपट.

मला तक्रार करायची आहे ती अशी. या चित्रपटाविषयी कुठेही वाचा, पहिलं वाक्य ‘आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट’ हेच असतं. बहुतेकांना तर डिस्नेची १९३७ सालची हिमगौरीच पहिली वाटते, तेव्हा ते सांगायला हवंच. पण तेवढं सांगून लोक पुढे जातात. वाड्याबाहेरची पाटी वाचावी आणि आत न जाताच परतावं, तसं. अहो, आत जाऊन बघा! परीबानू पक्ष्याच्या रूपात तळ्यावर उतरते तो प्रसंग बघा. झाडाचं एकेक पान नखुल्याएवढं, लेससारखं कापलेलं. तिच्या चेहऱ्यावर भाव दाखवायला काही नाही, पण ती दचकते तेव्हा मान आधी वळते, मग खांदा, मग मनगट. मी वीस वर्षं कात्री चालवतेय, त्या मनगटाशी मी चित्रपट चार वेळा थांबवला.

आता प्रश्न. माझ्या वर्गात सात-आठ वर्षांची छत्तीस मुलं आहेत. त्यांना हा दाखवावा असं फार मनात आहे. पण मूकपट आहे, मधल्या पाट्या इंग्रजीत, लांबी तासाच्या वर. पूर्ण दाखवू की तुकडे? पाट्या मी वाचून दाखवू की गोष्ट आधीच सांगू? आणि कोणी पाहिला असेल तर कृपया लिहा, मला याबद्दल बोलायला माणूसच मिळत नाहीये.

डोंगरवाट:

रुमाल टाकून ठेवतो. आज रात्री बघतो आणि मग लिहितो.

पिंपळपान:

कात्रीताई, किती छान लिहिलंत! मी हा चित्रपट कॉलेजात असताना एका चित्रपट मंडळाच्या खेळात पाहिला होता, मोठ्या पडद्यावर. मी कथक शिकलेली, त्यामुळे माझी नजर सतत पायांकडे होती. मनगटाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. त्यात आणखी एक सांगते. या बाहुल्या चालताना आधी वजन एका पायावर घेतात. कागदाला वजन नसतं, तरी ते दिसतं. जादूगार चालतो तेव्हा त्याचे गुडघे आधी पुढे येतात, लांबलचक बोटं हवेत काहीतरी चाचपडत असतात. तो दुष्ट आहे हे सांगायला पाटी लागत नाही.

मुलांना पाट्या वाचून दाखवू नका असं मी म्हणेन. त्यांना देहबोली आपल्यापेक्षा लवकर कळते.

गवाक्ष:

उत्तम धागा. थोडी ऐतिहासिक भर घालतो.

‘सर्वांत जुना’ म्हणताना ‘आज उपलब्ध असलेला’ हे शब्द तुम्ही वापरलेत ते बरोबर आहे. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्येच पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट केला होता. तोही कापलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांचाच, पण त्याची एकही प्रत उरलेली नाही.

या चित्रपटाच्या जन्माची कथा त्याच्या गोष्टीइतकीच चमत्कारिक आहे. १९२३ चं जर्मनी म्हणजे महागाईचा कहर. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. सकाळच्या पगारात संध्याकाळी पाव येत नसे. लुई हागेन नावाच्या बँकरने नोटांची रद्दी होण्याआधी त्या पैशातून कोरी फिल्म विकत घेऊन ठेवली होती. सोनं घ्यावं तशी. त्याने रायनिगरबाईंचं काम पाहिलं आणि विचारलं की यातून एक पूर्ण चित्रपट कराल का. पॉट्सडॅमला त्याच्या घराजवळ गॅरेज होतं, त्याच्या माळ्यावर स्टुडिओ थाटला. म्हणजे चलन कोसळलं म्हणून फिल्म आली आणि फिल्म होती म्हणून अहमद उडाला.

सोबतची माणसंही थोर. बाईंचे पती कार्ल कोख कॅमेऱ्यावर. वाल्टर रुटमान यांनी जादूची दृश्यं केली, म्हणजे धूर, ज्वाळा, शून्यातून आकार घेणारा घोडा. हेच रुटमान पुढच्याच वर्षी बर्लिन शहरावरचा आपला प्रसिद्ध चित्रपट घेऊन आले. बेर्टोल्ड बार्टोश यांनी अल्लाउद्दीनच्या वादळातल्या लाटा केल्या. वोल्फगांग त्सेलर यांचं संगीत खास या चित्रपटासाठी रचलेलं. म्हणून यूट्यूबवर भलतंच संगीत चिकटवलेली प्रत मिळाली तर ती बंद करा आणि मूळ संगीताची शोधा.

रुटमान यांनी एकदा बाईंना विचारलं होतं की या परीकथेचा १९२३ सालाशी काय संबंध? बाईंचं उत्तर साधारण असं होतं की काहीच नाही, मी आत्ता जिवंत आहे आणि संधी मिळाली आहे, म्हणून करते आहे.

बारा_बलुती:

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी दोन वर्षांपूर्वी मोठ्या अपेक्षेने लावला आणि पंचवीस मिनिटांत बंद केला. सगळे काळे, कोण कोण ते कळेना. चीनचा दरबार सुरू झाला तिथे मी हरवलो. मुलगी तर दहाव्या मिनिटाला उठून गेली. जुनं आहे, कष्टाचं आहे, मान्य. पण कष्ट आहेत म्हणून चित्रपट चांगला असं होत नाही. आई दिवसभर राबून पुरण वाटते म्हणून पुरणपोळी चांगली होत नाही, ती चवीला चांगली लागते म्हणून चांगली.

पिंपळपान:

पुरणपोळीचा दाखला आवडला! पण तुम्ही कुठली प्रत पाहिलीत? काळीपांढरी की रंगीत पार्श्वभूमीची?

बारा_बलुती:

काळीपांढरी. आणि संगीत म्हणून कुणीतरी एकसुरी पियानो लावला होता.

पिंपळपान:

मग तुम्ही पुरणाशिवायची पोळी खाल्लीत. मूळ चित्रपटात प्रत्येक प्रसंगाला रंग आहे. रात्र निळी, दरबार पिवळा, आगीचा डोंगर तांबडा-नारिंगी. आपण कुठे आहोत ते त्या रंगावरून कळतं. पुन्हा एकदा बघा, माझ्यासाठी.

तिठ्यावरचा:

ह्यां वाचून माका आमच्या पिंगुळीची आठवण इली.

बाकीच्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाकडे तीन कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या. चित्रकथीत कागदावरच्या चित्रांचा संच असतो, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र उचलून दाखवत रामायण-महाभारतातली गोष्ट गायची. चामड्याच्या बाहुल्यांना पुढे पांढरा पडदा आणि मागे दिवा. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये याच कामासाठी पद्मश्री मिळाली. त्यांनी गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलंय, कोकणात आलात तर जरूर बघा.

मी लहान असताना देवळात बघितलेला खेळ अजून डोळ्यांसमोर आहे. बाहुली पडद्यापासून मागे नेली की सावली मोठी आणि अंधूक व्हायची, पडद्याला टेकवली की एकदम रेखीव. रावण असाच अंधुकातून मोठा होत यायचा आणि आम्ही आज्येच्या पदराखाली. जर्मनीतल्या बाईंना हे कुठून सुचलं असेल? सावलीचा खेळ तर आपल्याकडचाच.

गवाक्ष:

तिठ्यावरचा, तुमचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. पण एक दुरुस्ती करावीशी वाटते. रायनिगरबाईंच्या चित्रपटात तशी सावली नाहीच. तुमच्या देवळात बाहुलीची सावली पडद्यावर पडत होती. इथे बाहुली थेट कॅमेऱ्याखाली काचेवर पडलेली असते, उजेड खालून येतो, म्हणून ती काळी दिसते. दिसते ती छायाकृती. त्यामुळे दिव्याजवळ नेऊन मोठं करणं वगैरे तिथे शक्य नाही. जवळचं दृश्य हवं तर त्या पात्राचा मोठा चेहराच वेगळा कापावा लागे.

खोली दाखवायची युक्तीही वेगळी. काचेचे थर एकावर एक, मधे अंतर. मागच्या थरावर अर्धपारदर्शक कागदाचे डोंगर. एक कागद लावला तर फिकट, दोन लावले तर गडद. डिस्नेच्या स्टुडिओत अशाच थरांच्या मोठ्या कॅमेऱ्याचा गाजावाजा झाला १९३७ मध्ये. त्याच्या दशकभर आधी हे एका गॅरेजच्या माळ्यावर चालू होतं.

तिठ्यावरचा:

गवाक्षसाहेब, यंत्राच्या बाजूने तुमचं खरं. पण बघणाऱ्याच्या बाजूने मी म्हणतो ते खरं. काळी आकृती हलली की पोटात जे होतं ते दोन्हीकडे तेच.

चंदेरी कात्री:

दोघांचंही पटतंय. आणि तिठ्यावरचा दादा, बाईंना आशियातल्या सावल्यांच्या खेळांबद्दल आदर होताच. १९७० मध्ये त्यांनी छायाबाहुल्या आणि छायापटांवर पुस्तक लिहिलं. जावामध्ये वायांग नावाचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे, त्यातही रामायण-महाभारतच चालतं. म्हणजे ही मंडळी एकमेकांना अगदीच परकी नाहीत.

सुरू होताना एक हिशेब केला होता तो इथे देते. सेकंदाला अठरा चित्रं धरली तरी पासष्ट मिनिटांची सत्तर हजारांवर जातात. प्रत्येक चित्राआधी कुणाचा तरी हात काचेवर जाऊन आलाय.

मोरपीस:

चित्रपट सुंदर आहे यात वाद नाही. पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट राहून जातेय. ज्या तळ्याच्या प्रसंगावर सगळे भाळलेत, तिथे नेमकं काय होतं? परीबानू आंघोळ करत असते, राजपुत्र झुडपाआड लपून बघतो आणि तिचा पिसांचा पोशाख चोरतो, म्हणजे तिला उडून जाता येऊ नये. मग तिला उचलून नेतो. आणि हा नायक. जादूगार राजकन्येवर हक्क सांगतो तो मात्र दुष्ट. दोघांत फरक काय? आणि जादूगार आफ्रिकन, कुरूप, वाकडा. चीनचा बादशहा आणि त्याची माणसं विदूषकासारखी. सात वर्षांच्या मुलांसमोर ठेवताना याचा विचार नको का करायला?

आजोबांचा चष्मा:

मोरपीस, प्रश्न रास्त आहे. पिसांचा पोशाख चोरण्याचा प्रसंग फार जुना, अनेक देशांच्या लोककथांत हंसकन्येच्या रूपाने तो सापडतो. आपल्याकडे गोपींची वस्त्रं कदंबावर नेऊन ठेवणारा कृष्ण आहेच. जुना आहे म्हणून तो योग्य ठरत नाही, हेही खरं.

‘सुरस आणि चमत्कारिक’ हे शब्द आपण सहज वापरतो, ते मराठीत रुजले याच गोष्टींमुळे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला सुरुवात केली ती १८६१ च्या सुमारास. आमच्या घरी त्याची एक पिवळी पडलेली प्रत होती, पुठ्ठ्याला कापडाची पट्टी चिकटवलेली. वडील दुपारी झोपले की आम्ही भावंडं ती माळ्यावर नेऊन वाचायचो, कारण काही गोष्टी आमच्या वयाच्या नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे परीबानू, उडता घोडा, दिव्यातला राक्षस हे माझ्यासाठी मराठीच आहेत. माझ्या मनातली परीबानू नऊवारी नेसायची. आता ७८ व्या वर्षी हा चित्रपट बघितला, नातवाने टीव्हीवर लावून दिला. घोडा वर गेला आणि मी माळ्यावर पोचलो.

मोरपीस:

काका, नऊवारीतली परीबानू फारच आवडली! तरी माझा मुद्दा उभा आहे.

चंदेरी कात्री:

मोरपीस, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. तुम्ही बरोबर आहात आणि मी तो प्रसंग इतक्या प्रेमाने वर्णन केला तेव्हा हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुन्हा बघितला. परीबानू आधी पळते, घाबरते, हात जोडते, आणि बाईंनी ते घाबरणं लपवलेलं नाही. आपल्याला तिच्या बाजूने धडधडतं. तरी वर्गात तो भाग मी दाखवणार नाही. दरबाराचे प्रसंगही नाही. जादूगाराबद्दल मात्र बोलेन. माणसाचा रंग किंवा देश बघून तो दुष्ट असं ठरवायचं नसतं, हे मुलांना सांगायला या निमित्ताने जागा मिळेल.

दुसरं असं की या गोष्टीत सगळ्यांत बलवान कोण? चेटकीण. ती आहे म्हणून राजपुत्र वाचतो, ती आहे म्हणून दिवा परत मिळतो. कुरूप, जाडी, केस पिंजारलेली आणि मनाने चांगली. शंभर वर्षांपूर्वीच्या परीकथेत असं पात्र क्वचित असेल.

मोरपीस:

चेटकिणीला माझं पूर्ण अनुमोदन. तिच्यासाठी पुन्हा बघते.

डोंगरवाट:

रुमाल उचलायला आलोय. पाहिला. काल रात्री आणि आज सकाळी, दोनदा.

चेटकीण आणि जादूगार यांचं द्वंद्व! कुणीच कसं लिहिलं नाही त्याबद्दल? दोघं रूपं बदलत लढतात. सिंह, साप, विंचू, कोंबडा, पक्षी, मग पाण्यात मासे. एक आकार वितळून दुसरा होतो आणि मधे क्षणभर तो कशाचाच नसतो, नुसता काळा गोळा. शेवटी मूळ रूपात येऊन एकमेकांवर आगीचे गोळे फेकतात. मी अक्षरशः सोफ्यावर उभा होतो. बायको विचारत आली काय झालं म्हणून, मग तीही उभी राहिली.

आमचा धाकटा सहा वर्षांचा, सकाळी त्याने पाहिला. घोड्याला खाली यायची कळ सापडत नाही तेव्हा तो म्हणाला, ‘बाबा, मीपण आधी पेडलच शिकलो होतो, ब्रेक नंतर.’ गेल्या महिन्यात सायकल घेऊन शेजारच्यांच्या कुंड्यांत गेला होता, त्यामुळे त्याला अहमदचं दुःख आतून कळलं.

कात्रीताई, तो पूर्ण बघत नव्हता. घोडा, अल्लाउद्दीन आणि द्वंद्व एवढंच बघितलं, पण ते डोळे न मिटता.

नेकारकाठ:

मी श्टुटगार्टजवळ राहते, म्हणून थोडं इथलं लिहिते. ट्युबिंगनच्या शहर संग्रहालयात रायनिगरबाईंच्या कामाचं कायमस्वरूपी दालन आहे. त्यांची शेवटची वर्षं इथून जवळच डेटेनहाउझेनला गेली, तिथेच १९८१ मध्ये त्या वारल्या. दालनात काचेखाली त्यांच्या मूळ बाहुल्या आहेत. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा आश्चर्य वाटलं की त्या किती साध्या दिसतात. शिशाचे तुकडे जोडलेले, तारेचे वेढे उघडे, कडेला कात्रीचे लहान लहान टप्पे. पडद्यावर त्यातलं काहीच दिसत नाही. मी तिथे माझ्या मुलीबरोबर तासभर होते, ती एका बाहुलीच्या कोपराकडे बघत बसली.

बाईंचं आयुष्य सोपं नव्हतं. नाझी आल्यावर त्या आणि पती जर्मनी सोडून गेले, पण कुठेच कायमचं राहू देईनात. व्हिसा संपला की पुढचा देश, असं वर्षानुवर्षं. आईच्या आजारपणात युद्धाच्या शेवटी बर्लिनला परतावं लागलं. १९४९ मध्ये लंडनला गेल्या. आणि तिथे ज्याने त्यांना परीकथांचे लघुपट करायला कंपनी उभारून दिली, तो त्याच बँकर हागेन यांचा मुलगा! बाईंनी पॉट्सडॅमला अहमद केला तेव्हा तो लहान होता, आजूबाजूलाच खेळत असायचा.

चित्रपटाची मूळ निगेटिव्ह उरली नाही. लंडनच्या संग्रहात रंग दिलेली एक जुनी नायट्रेट प्रत होती. नायट्रेट म्हणजे चटकन पेट घेणारी फिल्म, ती इतकी वर्षं टिकली हेच नवल. तिच्यावरून १९९८-९९ मध्ये फ्रँकफर्टच्या चित्रपट संग्रहालयाने आजची प्रत तयार केली. पिंपळपान यांनी सांगितलेले रंग त्यातून परत आले. बारा_बलुतींनी तीच बघावी.

गवाक्ष:

नेकारकाठ, फार मोलाची माहिती. धन्यवाद.

अवांतर: आपल्याकडेही दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कुंडीत लावून ते रोज थोडं थोडं टिपलं होतं आणि रोप पडद्यावर भराभर वाढताना दाखवलं होतं. आगकाड्यांचा खेळही त्यांनी असाच एकेक काडी हलवून केला. बाईंनी तर सुरुवात उंदरांपासून केली. १९१८ मध्ये हॅमेलिनच्या पुंगीवाल्याच्या चित्रपटासाठी लाकडी उंदीर एकेक करून हलवले. म्हणजे वाटाणा, काडी, उंदीर! मोठी माणसं कुठून सुरुवात करतात बघा.

बारा_बलुती:

दिलेल्या शब्दाप्रमाणे रंगीत प्रत पाहिली, मूळ संगीतासह. मुलीलाही बोलावलं.

चीनचा भाग मला अजूनही लांबलाय असं वाटतं, ते मत बदललेलं नाही. पण वादळातली अल्लाउद्दीनची नाव पाहताना मी गप्प झालो. त्या लाटा कागदाच्या आहेत हे डोक्याला माहीत होतं, पण डोळे ऐकत नव्हते. वाकवाकच्या दारावर काळे राक्षस आणि दिव्यातले पांढरे आत्मे एकमेकांवर तुटून पडतात, तेव्हा मुलीने माझा दंड धरून ठेवला. नंतर ती म्हणाली, ‘बाबा, मागच्या वेळी तुम्ही दुसराच पिक्चर लावला होता.’

पिंपळपान:

पोळी पुरणासकट पोचली. आनंद झाला!

चंदेरी कात्री:

दाखवला! कालच्या शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर. सविस्तर लिहिते.

डोंगरवाटांच्या सल्ल्याप्रमाणे तीनच तुकडे घेतले. मधली गोष्ट मी स्वतः उभं राहून सांगितली, चित्रकथीत सांगतात तशी. पाट्या वाचल्या नाहीत. खिडक्यांना शाळेच्या सतरंज्या लावल्या, प्रोजेक्टर उसना आणला.

पहिली दोन मिनिटं कुजबुज. ‘बाई, आवाज येत नाहीये.’ ‘बाई, यांना डोळे का नाहीत?’ मग जादूगाराने हात हलवून घोडा तयार केला आणि वर्ग शांत. घोडा वर गेला तेव्हा छत्तीस माना वर. एक मुलगा, जो वर्षभरात वर्गात चार वाक्यं बोलला असेल, जोरात ओरडला, ‘शेपटीकडे बघ, शेपटीकडे!’ अहमदला ऐकू जाईल अशा बेताने. कळ खरोखरच शेवटी सापडली तेव्हा तो इतका खूश झाला की शेजारच्याला मिठीच मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अंधारात कोणाला दिसलं नाही.

द्वंद्वाला मात्र आरडाओरडा झाला, मुख्याध्यापिका बघायला आल्या आणि मागे उभ्या राहून संपेपर्यंत थांबल्या.

नंतर काळी कार्डशीट वाटली. कोणी घोडा, कोणी चेटकीण, एकाने बेस्टची डबलडेकर. सांध्यांना तार देणं मला धोक्याचं वाटलं, टोकं बोचतात, म्हणून जाड दोरा ओवला आणि गाठ मारली. पण गुडघे नीट वाकत नाहीत, घोडा लंगडतो. सोमवारी जुन्या धोतराचा पडदा आणि मागे टॉर्च लावून मुलं खेळ करणार आहेत. तिठ्यावरचा दादा, इथे तुमची मदत हवी.

तिठ्यावरचा:

दोरो चलतलो ताई, तार नको. भोक मात्र दोऱ्यापेक्षा जरा मोठां करा, मगे गुडघो वाकतलो. आणि गाठ मागच्या बाजूक मारा, पुढल्यान मारलास तर पडद्याक अडाकता.